बर्फाला रंग देतं कोण?

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या मुलाला बर्फाचे डोंगर रंगवायला सांगितले, तर तो शिखरांचा कागद कोरा सोडतो आणि मागे आकाश निळं करतो. बर्फ पांढरा असतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण चित्र पूर्ण झालं की शिखरं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसतात. त्यांत थंडी नसते, वेळ कळत नाही, ऊन कुठून येतंय याचा पत्ता लागत नाही. आता हिमालयाचं एखादं चांगलं चित्र घ्या. कॅलेंडरवर छापलेलं असलं तरी चालेल. एका पांढऱ्या पोस्टकार्डाला पंचिंग मशीनने भोक पाडा आणि ते कार्ड चित्रातल्या बर्फावरून हळूहळू सरकवा. भोकातून एका वेळी एकच ठिपका दिसेल, शेजारचं काही दिसणार नाही. इथे जांभळट राखाडी, तिथे फिकट निळा, वर शेंड्याला पिवळट गुलाबी. निखळ पांढरा बहुतेक वेळा एखाद्या धारेपुरता सापडतो, तर कधी सापडतच नाही. कार्ड बाजूला केलं की मात्र सगळा डोंगर पुन्हा पांढराशुभ्र!

मला हा प्रकार फार विलक्षण वाटतो. चित्रकाराने पांढरा जवळजवळ वापरलेलाच नाही, आणि आपण शपथेवर सांगतो की बर्फ पांढरा आहे.

नाशिकच्या इंदिरानगरात राहून बर्फाबद्दल लिहायचं म्हणजे जरा दूरचीच गोष्ट. निफाडला एखाद्या हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास उतरतो, द्राक्षबागांमध्ये दव गोठल्याच्या बातम्या येतात, बागाईतदार शेकोट्या पेटवतात. जिल्ह्याची बर्फाशी ओळख तेवढीच. पण बर्फाला रंग देणारी सगळी मंडळी, म्हणजे ऊन, आकाश, हवा आणि आपला डोळा, इथेही हजर आहेत.

हल्ली इकडे बऱ्याच इमारतींच्या गच्च्यांवर उन्हाळ्याच्या तापापासून बचाव म्हणून पांढरं कोटिंग मारतात. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमाराला अशा गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीची लांब सावली त्या पांढऱ्यावर पडलेली असते. पहिल्या नजरेला ती राखाडी वाटते, कारण सावली राखाडी असते असं आपण गृहीत धरलेलं असतं. वर्तमानपत्राची बारीक नळी करून एका डोळ्याने फक्त सावलीचा मधला भाग बघा, मग नळी उन्हातल्या पांढऱ्यावर न्या, मग पुन्हा सावलीवर. दोन-तीनदा असं केलं की सावली निळी दिसायला लागते आणि एकदा दिसली की तिचा निळेपणा जात नाही. उन्हाचा तुकडा त्याच वेळी लोण्यासारखा पिवळसर होतो.

कारण साधं आहे. टाकीने सूर्य अडवला आहे, आकाश अडवलेलं नाही. त्या सावलीवर जो काही उजेड पोचतो तो वरच्या निळ्या घुमटातून येतो. पांढरा पृष्ठभाग जे मिळेल ते परत देतो. त्याला निळं मिळालं, त्याने निळं दिलं. बर्फ हेच करतो, फक्त पराकोटीला नेऊन. ताजा भुसभुशीत बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडातला ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. एकेक हिमकण खरं तर पारदर्शक असतो. पण कोट्यवधी कणांच्या कडांवर उजेड इतक्या वेळा वळतो, आपटतो, उलटतो की शेवटी सगळे रंग सारख्याच प्रमाणात बाहेर पडतात. म्हणून बर्फाला स्वतःचा रंग असा जवळजवळ उरतच नाही. डोंगराचा जो उतार सूर्याकडे आहे तो सूर्याचा रंग घेतो, पाठमोरा उतार आकाशाचा. बर्फाचं चित्र म्हणजे एका अर्थी आकाशाचंच चित्र असतं, डोंगराच्या आकारावर पसरलेलं.

आकाश मुळात निळं का, याचा छडाही एका गिर्यारोहकानेच लावायला घेतला, हे मला आवडतं. जॉन टिंडल हा आयरिश पदार्थवैज्ञानिक आल्प्सवेडा होता. १८६१ साली वाइसहॉर्न शिखरावर पहिल्यांदा पोचलेली तुकडी त्याचीच. त्याच दशकाच्या अखेरीस त्याने प्रयोगशाळेत काचेच्या नळीत अतिसूक्ष्म कणांचं धुकं तयार केलं, त्यातून प्रकाशाचा झोत सोडला, आणि ते धुकं आकाशासारखं निळं झालं. १८७१मध्ये लॉर्ड रॅली यांनी त्याचं गणित मांडलं. लहान लहरींचा प्रकाश हवेत फार जास्त विखुरतो. निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक. बर्फाच्या सावलीतला निळा हा असा हवेत विखुरून आलेला असतो.

पण सगळं श्रेय हवेला देऊन चालणार नाही. डिसेंबर १७७७मध्ये जर्मन कवी गटे हार्त्स पर्वतातल्या ब्रोकेन शिखरावरून खाली उतरत होता. खाली सगळीकडे बर्फ. दिवसा बर्फावर पिवळसर झाक होती, तेव्हा सावल्या किंचित जांभळ्या दिसत होत्या. सूर्य मावळायला आला, बर्फ तांबूस-जांभळा झाला आणि झाडांच्या, कड्यांच्या सावल्या चक्क हिरव्या दिसू लागल्या. आकाशात त्या वेळी तसा हिरवा नसतो. तो हिरवा गट्याच्या डोळ्यात तयार झाला होता. १८१०च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात त्याने हा अनुभव नोंदवला. पुढे १८३९मध्ये मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. तो पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशा तक्रारी यायच्या. त्याने तपासून पाहिलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे डोळ्याला तो तसा भासत होता. आपला डोळा रंग एकेकटा मोजत नाही, शेजाऱ्याच्या तुलनेत मोजतो. उन्हाचा भाग पिवळा असला की सावली आहे त्याहून निळी भासते.

चित्रकार या दोन्ही गोष्टींवर पोट भरतो. कुशल हात बर्फाच्या उजळ बाजूला अगदी पातळ, पाण्यासारखा पिवळा देतो, इतका की विचारल्याशिवाय कोणाच्या लक्षात येऊ नये. सावलीला मग फार निळा ओतावा लागत नाही. शेजारचा पिवळाच ती निळी करून देतो.

हा निळा बहुधा अल्ट्रामरीन असतो, आणि त्याची कथा इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शतकानुशतकं हा रंग लाजवर्द नावाच्या दगडापासून बनायचा. तो दगड यायचा बदख्शानातून, आजच्या अफगाणिस्तानातल्या हिंदुकुश डोंगरांतल्या खाणींमधून. सोन्याच्या तोलाचा रंग! तो कारखान्यात बनवून दाखवणाऱ्यासाठी फ्रान्समध्ये ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं गेलं आणि १८२८मध्ये ते झां-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. त्यानंतर हा निळा इतका स्वस्त झाला की थेट धुण्याच्या बादलीत आला. आपल्या आज्या पांढऱ्या धोतराला, सदऱ्याला जी पुडीतली नीळ देत असत, ती हीच अल्ट्रामरीनची भुकटी. वापरून पिवळट पडलेला कपडा निळीच्या एका पाण्यातून काढला की जास्त पांढरा दिसतो. बर्फ रंगवणारा माणूस कागदावर अगदी हेच करतो. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनच्या रंगपेट्यांमधून पुढे हा निळा मराठी घराघरांत पोरांच्या हाती आला. पेटीत तो असतोच. पोरं तो आकाशाला संपवतात आणि बर्फाला ठेवत नाहीत.

आता त्याहून मोठी गंमत. नाशिकला निसर्गचित्रांची, विशेषतः जलरंगांची, जुनी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांनी गोदाघाट आणि जुनं नाशिक जलरंगात पुन्हापुन्हा रंगवलं, आणि आजही सकाळी रामकुंडाच्या परिसरात कोणी ना कोणी बोर्ड मांडीवर घेऊन बसलेला दिसतो. घाटाच्या कुठल्याही चित्रात एक क्रम जवळजवळ ठरलेला असतो. सगळ्यांत उजळ आकाश, त्याखालोखाल पाणी आणि पायऱ्यांवरचं ऊन, मग देवळांचे काळे दगड. उजेड वर, वजन खाली. जन्मापासून आपण जग असंच पाहिलेलं असतं.

स्वच्छ उन्हातल्या हिमशिखरापाशी हा क्रम उलटा होतो. तिथे जमीन आकाशापेक्षा उजळ असते. उन्हातला बर्फ निळ्या आकाशाहून कितीतरी प्रखर, आणि उंचीमुळे आकाश आणखी गडद. साडेपाच हजार मीटरवर गेलं की निम्मी हवा पायाखाली राहिलेली असते. विखुरणारी हवाच कमी, म्हणून वरचा निळा काळपट होत जातो. होरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा जिनिव्हाचा निसर्गवैज्ञानिक १७८७मध्ये माँ ब्लांवर चढला, तेव्हा त्याने निळ्या छटांचे रंगवलेले कागद बरोबर नेले होते, आकाशाशी लावून बघायला. पुढे त्याने निळेपणा मोजायची एक गोल तबकडीच बनवली.

हिमशिखराचं चित्र पाहताना जी विचित्र शांतता जाणवते, जरासं परलोकात आल्यासारखं वाटतं, त्याचं एक कारण माझ्या मते हेच आहे. वरचं वजनदार आणि खालचं तेजस्वी. कैलासावर ध्यानस्थ बसलेला शंकर कॅलेंडरवर शोभतो तो नुसत्या पुराणामुळे शोभत नाही. त्या जागेचा उजेडच आपल्या रोजच्या जगाच्या विरुद्ध असतो, आणि हे डोळ्याला बुद्धीच्या आधी कळतं.

दिवस ढगाळ असेल तर मात्र हा डाव मोडतो. सगळीकडून सारखा उजेड, सावली नाही, मग डोंगराला आकारच उरत नाही. गिर्यारोहक अशा वेळी चढ आणि उतार यांत फसतात. चित्रकाराला मात्र उदासी हवी असेल तर याच्यासारखा दिवस नाही. दोन-तीन जवळजवळच्या राखाडी छटा, कुठे तरी एक काळा खडक, आणि बाकी कागदभर अंधुकपणा.

दूरच्या डोंगरांचं काय होतं, तेही इंदिरानगरातून अर्धं दिसतं. वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या उंच इमारतीवरून बघा. पांडवलेण्यांचा डोंगर जवळ, म्हणून तपकिरी-हिरवा, झुडपं मोजता येतील असा. त्र्यंबकच्या वाटेवरचा अंजनेरी त्याहून निळा. त्याच्याही पलीकडे हवा निवळ असेल तर जे काही दिसतं ते केवळ निळसर धूर. आपले डोंगर बेसॉल्टचे, काळे. ते स्वतः फारसा उजेड पाठवत नाहीत, म्हणून मधल्या हवेत विखुरलेला निळाच आपल्यापर्यंत येतो. लिओनार्दो द विंची याने पाचशे वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं: लांबचा डोंगर निळा करा, त्याहून लांबचा अधिक निळा.

बर्फाचा डोंगर हा नियम पाळत नाही. तो भरपूर उजेड पाठवतो. लांबच्या प्रवासात त्यातला निळा वाटेत विखुरून जातो आणि उरलेला उजेड मलईसारखा पिवळसर होऊन पोचतो. म्हणजे एकाच चित्रात दूरचा काळा खडक निळा होत जातो आणि त्याच्याच माथ्यावरचा बर्फ उबदार होत जातो. जवळचा बर्फ थंड, लांबचा उबदार! ज्यांनी हिमालय फक्त फोटोत पाहिला आहे ते चित्रकार इथे हटकून फसतात आणि सगळंच निळं करून टाकतात. असं चित्र मला नेहमी फ्रिजच्या दारासारखं वाटतं.

संध्याकाळचा गुलाबी ही तर सगळ्यांची आवडती वेळ. सूर्य क्षितिजाशी टेकला की त्याचा किरण माथ्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे ३८पट हवा कापून येतो. निळा वाटेतच गळतो, तांबडा-नारिंगी तेवढा शिखराला लागतो. दरीत अंधार पडलेला, शेंडा पेटलेला. पण खरी जादू सूर्य शिखरावरूनही गेल्यावर होते. क्षणभर डोंगर मेल्यासारखा राखाडी पडतो आणि मग हळूच पुन्हा गुलाबी होतो, आता कडा धारदार नाहीत, सगळा उजेड मऊ. हा दुसरा गुलाबी सूर्याचा थेट नाही. मावळतीच्या आकाशातून विखुरून आलेला आहे.

संध्याकाळच्या आकाशातला एक गुलाबी पट्टा मात्र नाशिकहूनही दिसतो. हिवाळ्यात, आकाश निवळ असताना, सूर्यास्तानंतर पाच-दहा मिनिटांनी सगळे पश्चिमेकडे बघत असतात तेव्हा पाठ फिरवा. पूर्वेच्या क्षितिजावर निळसर राखाडी रंगाची एक जाड पट्टी वर सरकत असते आणि तिच्या माथ्यावर गुलाबी झालर. ती राखाडी पट्टी म्हणजे खुद्द पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. एवढी मोठी सावली रोज संध्याकाळी आपल्या डोक्यावरून जाते आणि आपण दिवे लावण्यात गुंतलेले असतो. हिमशिखराच्या संध्याकाळच्या चित्रात डोंगरामागे वर गुलाबी आणि खाली निळा-करडा दिसतो, तेव्हा पुष्कळदा चित्रकाराने हीच झालर आणि हीच सावली रंगवलेली असते.

या सगळ्या ज्ञानाने चित्रकाराचं काम सोपं होतं, असं मुळीच नाही. भर उन्हात डोंगरावर लाखभर लक्स प्रकाश असतो; चित्र टांगलेल्या खोलीत काहीशे. कागदावरचा सगळ्यांत पांढरा भाग खऱ्या बर्फाच्या शेकडो पटींनी अंधुक. प्रखरता उतरवणं अशक्यच. मग करायचं काय? बाकी सगळं खाली ओढायचं. आकाश एक छटा गडद, सावली एक छटा गडद, पुढचे देवदार जवळजवळ काळे. आणि त्या सगळ्यांच्या बळावर कागदाचा एक न रंगवलेला तुकडा सूर्यासारखा चमकतो. जलरंगात तो तुकडा आधीच ठरवून राखावा लागतो. एकदा त्यावरून ब्रश फिरला की गेला. खडबडीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढला, तर रंग उंचवट्यांवर बसतो आणि खळग्यांतला कागद पांढरा राहतो. धारेवरचा चकाकणारा बर्फ असा एका फटक्यात होतो, किंवा एका फटक्यात बिघडतो.

सावली निळी रंगवायचं धाडसही लोकांनी सुखासुखी पचवलं नाही. क्लोद मोने याने १८६८-६९च्या हिवाळ्यात बर्फातल्या कुंपणावर बसलेला मॅगपाय पक्षी रंगवला, कुंपणाच्या सावल्या निळ्या. पॅरिसच्या सरकारमान्य सालोंने १८६९मध्ये ते चित्र नाकारलं. आज ते ओर्से संग्रहालयाचं भूषण आहे.

आपल्याकडे हिमालयाशी घर करून राहिलेला चित्रकार म्हणजे निकोलस रोरिक. जन्म १८७४चा, सेंट पीटर्सबर्गचा. १९२३च्या डिसेंबरात भारतात आला, १९२८पासून कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थायिक झाला आणि १३ डिसेंबर १९४७ला तिथेच वारला. हिमालयाची शेकडो चित्रं त्याने केली, बरीचशी टेम्परात. टेम्परा तेलरंगासारखा चकाकत नाही. कोरडा, मखमली राहतो, आणि उजेड चित्राच्या आतून येतोय असा भास देतो. त्याच्या कितीतरी चित्रांत एक रचना भेटते: तळाला गडद जांभळ्या-निळ्या डोंगररांगांचे सपाट थर, मध्ये धुक्याची पट्टी, आणि वर शिखर, नारिंगी किंवा लिंबोणी पिवळं. शिखराच्या वरच्या कडा सुरीने कापल्यासारख्या, खालच्या कडा धुक्यात हरवलेल्या. त्यामुळे डोंगर जमिनीला टेकलेला वाटत नाही, तरंगतो. तपशील नाहीतच: एकही भेग नाही, एकही दगड मोजलेला नाही. मोजके चार-पाच रंग, पण त्यांतला प्रत्येक रंग एका नेमक्या घटकेचा. रंग भडक आहेत, असे कुठे असतात, असं काही जणांना वाटतं. पण १९६१मध्ये युरी गागारिन अंतराळातून परतला, तेव्हा क्षितिजावरच्या रंगांना त्याने रोरिकच्या चित्रांची उपमा दिली होती.

रोरिक नग्गरला होता त्याच काळात एक मराठी तरुण काश्मीरच्या डोंगरांत रंग घेऊन हिंडत होता. नारायण श्रीधर बेंद्रे, जन्म १९१०, इंदूरचा. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली शिकलेला; तेच देवळालीकर ज्यांच्याकडे पुढे चित्रकार एम. एफ. हुसेनही शिकले. तीसच्या दशकात बेंद्र्यांनी काश्मीरच्या पर्यटन खात्यासाठी चित्रकार म्हणून नोकरी केली. पुढे ते बडोद्याच्या कला महाविद्यालयाचे आधारस्तंभ झाले. उत्तरायुष्यात त्यांनी ठिपक्याठिपक्यांनी रंग लावायची पद्धत आपलीशी केली: रंग पॅलेटवर न मिसळता शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. डोळा शेजाऱ्याच्या तुलनेत रंग मोजतो यावर एवढा विश्वास टाकणारा मराठी चित्रकार मला दुसरा माहीत नाही.

दर उन्हाळ्यात नाशिकची कित्येक कुटुंबं कुलू-मनालीला जातात, बर्फात लोळतात, भाड्याच्या कोटात फोटो काढतात. यंदा जाणार असाल, तर मनालीपासून वीसेक किलोमीटरवरच्या नग्गरला अर्धा दिवस काढा. रोरिकचं घर तिथे आहे आणि त्यात त्याची मूळ चित्रं लावलेली आहेत. छापील प्रतीत टेम्पराचा तो मखमलीपणा येत नाही. आधी चित्रं बघा, मग बाहेर येऊन डोंगर बघा. आणि मुलं बरोबर असतील तर भोक पाडलेलं पोस्टकार्ड खिशात ठेवायला विसरू नका.